सिंहगड (१९२३ चित्रपट)

सिंहगड हा इ.स. १९२३ साली प्रदर्शित झालेला ऐतिहासिक मूकपट आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्याची निर्मिती केली व बाबूराव पेंटर यांनी त्याचे दिग्दर्शन केले. हरी नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो आधारलेला असून सुभेदार तानाजी मालुसरे यांनी १६७० साली कोंढाणा किल्ला जिंकताना दिलेली झुंज हा त्याचा विषय आहे. रात्रीच्या लढाईची दृश्ये टिपण्यासाठी कृत्रिम प्रकाशाचा केलेला वापर, तलवार-ढालीच्या युद्धकलेचे पडद्यावरील सादरीकरण आणि प्रेक्षकांचा मोठा प्रतिसाद या तीन कारणांमुळे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्याचा उल्लेख केला जातो. पुढे दिग्दर्शक म्हणून ख्याती मिळविलेले व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात शेलारमामांची भूमिका केली होती. दहा वर्षांनी त्यांनी याच कथेवर 'सिंहगड' (१९३३) हा बोलपट दिग्दर्शित केला.

पार्श्वभूमी

बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. घराण्यात सुतारकाम, शिल्प व चित्रकला यांची परंपरा होती. औपचारिक कलाशिक्षण न घेता बाबूराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी तैलचित्रकार म्हणून नाव मिळविले. नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांमुळे दोघे पश्चिम महाराष्ट्रात परिचित झाले आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव रूढ झाले.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटानंतर दोघा बंधूंनी स्वतः चित्रपट काढण्याचा निश्चय केला. परदेशी बनावटीचा कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे असल्याने उपलब्ध यंत्रांचा अभ्यास करून कॅमेरा स्वतः तयार करण्याचा प्रयत्न सुरू झाला. १९१६ साली आनंदराव यांचे निधन झाले. त्यानंतर बाबूराव यांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने हा कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या आर्थिक साहाय्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहू शकली.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळी चित्रपटात काम करणे स्त्रियांसाठी कमीपणाचे मानले जात असल्याने ही गोष्ट धाडसाची होती. भीमाने केलेला कीचकाचा वध इतक्या परिणामकारक रीतीने दाखविण्यात आला होता की, त्यावर आक्षेप घेतला जाऊन ते दृश्य वगळावे लागले. लोकमान्य टिळक यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर कंपनीने 'सुरेखा हरण' (१९२१), 'भगवद्भक्त दामाजी' (१९२२) इत्यादी चित्रपट काढले. हे विषय पौराणिक अथवा संतचरित्रपर होते. 'सिंहगड'द्वारे बाबूराव शिवकालीन इतिहासाकडे वळले.

आधारभूत कादंबरी

हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) हे मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील सर्वांत प्रभावी लेखक मानले जातात. 'गड आला पण सिंह गेला' ही त्यांची ऐतिहासिक कादंबरी विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाली. चित्रपट तयार झाला तेव्हा लेखक हयात नव्हते. तानाजींची कथा पोवाड्यांतून व बखरींतून आधीपासूनच घरोघरी पोहोचलेली होती. आपट्यांनी तिला कौटुंबिक व भावनिक पैलू जोडले. किल्लेदार उदयभानू याने बळाने आणलेली कमलकुमारी ही राजपूत स्त्री व तिच्या सुटकेचा प्रश्न हे उपकथानक कादंबरीत आहे. त्यामुळे किल्ल्यावरील स्वारीला राजकीय हेतूबरोबरच एका स्त्रीच्या अब्रूरक्षणाचाही संदर्भ प्राप्त होतो.

हरी नारायण आपटे व नारायण हरी आपटे हे दोन भिन्न लेखक आहेत. बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या चित्रपटाची कथा नारायण हरी आपटे यांची होती. नावांतील साम्यामुळे या दोघांचे श्रेय एकमेकांच्या नावावर मांडले जाण्याची शक्यता असते.

कथानक

१६६५ सालच्या पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेला कोंढाणाही होता. किल्ल्यावर उदयभानू राठोड याची किल्लेदार म्हणून नेमणूक झाली. हा किल्ला परत घेण्याचा निर्णय झाला, त्या वेळी तानाजी मालुसरे यांच्या घरी मुलगा रायबा याच्या लग्नाची तयारी चालू होती. लग्न बाजूला ठेवून तानाजींनी मोहीम स्वीकारली.

माघ वद्य नवमीच्या रात्री, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी, तानाजी निवडक मावळ्यांसह किल्ल्याच्या कड्याखाली पोहोचले. ज्या बाजूने चढणे अशक्य समजले जात होते व म्हणून पहारा सैल होता, त्याच कड्यावरून मावळे दोराच्या आधाराने वर गेले. गडावर झालेल्या चकमकीत तानाजी व उदयभानू समोरासमोर आले. तानाजींची ढाल तुटल्यावर त्यांनी डाव्या हाताला शेला गुंडाळून वार झेलले, असे परंपरा सांगते. या द्वंद्वात तानाजी धारातीर्थी पडले. नायक पडल्याचे पाहून मावळे मागे फिरू लागताच त्यांचे बंधू सूर्याजी यांनी परतीचे दोर कापून टाकले व लढा पुढे चालविला. वृद्ध शेलारमामांनी उदयभानूला ठार केले, असे लोकपरंपरा मानते. किल्ला हाती आला, परंतु तानाजी गेले. कादंबरीचे शीर्षक याच प्रसंगाशी निगडित आहे.

कलावंत

चित्रपटातील प्रमुख कलावंतांत बाळासाहेब यादव, झुंजारराव पवार, कमलादेवी व व्ही. शांताराम यांचा समावेश होता. बाळासाहेब यादव व झुंजारराव पवार हे दोघेही धिप्पाड शरीरयष्टीचे नट होते. 'सैरंध्री'त यादव यांनी भीमाची व पवार यांनी कीचकाची भूमिका केली होती. कमलादेवी यांचे मूळ नाव गुलाबबाई होते व 'सैरंध्री'पासून त्या कंपनीत होत्या.

शेलारमामांची भूमिका करणारे शांताराम राजाराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी झाला होता. ऐंशीच्या घरातला लढवय्या म्हणून लोकमानसात रुजलेले हे पात्र त्यांनी विशीच्या पहिल्या वर्षांत रंगविले. नात्यातील बाबूराव पेंढारकर यांच्यामुळे ते १९२० साली कंपनीत दाखल झाले होते. अभिनयाबरोबरच रंगकाम, सामानाची ने-आण, चित्रण व रसायनशाळा अशा पडेल त्या कामात त्यांचे शिक्षण झाले. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर हेही याच कंपनीत तयार झाले.

निर्मिती व तंत्र

मूकपटांचे चित्रण सर्वसाधारणपणे सूर्यप्रकाशात होत असे. स्टुडिओला छप्पर नसे किंवा काचेचे अथवा कापडाचे आच्छादन असे, आणि प्रकाश कमी-अधिक करण्यासाठी पांढऱ्या कापडाचे पडदे व परावर्तक वापरले जात. त्या काळच्या फिल्मची प्रकाशग्रहणक्षमता फार कमी होती. त्यामुळे रात्रीचा प्रसंग दिवसाच टिपून नंतर त्या तुकड्याला निळसर रंग देण्याची पद्धत जगभर प्रचलित होती.

'सिंहगड'चा मुख्य प्रसंग मात्र रात्रीचाच होता. कड्यावरची चढाई, अंधारातला शिरकाव व गडावरची लढाई ही सर्व दृश्ये काळोखावर अवलंबून होती. बाबूरावांनी या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाश प्रथम वापरण्याचे श्रेय या चित्रपटाला दिले जाते. चित्रकार असल्याने छाया-प्रकाशाच्या रचनेकडे त्यांचे विशेष लक्ष असे. चित्रणापूर्वी दृश्याची रेखाटने करून ठेवणे, पात्रांची वेशभूषा व दागिने काळाला धरून ठरविणे आणि रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्रिमितीय नेपथ्य उभारणे, या त्यांच्या पद्धती कंपनीच्या इतर चित्रपटांतही आढळतात.

चित्रपटाच्या जाहिरातीकडेही बाबूराव कलाकृती म्हणून पाहत. कंपनीच्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका प्रेक्षकांना देण्याची प्रथाही त्यांनी १९२१-२२ च्या सुमारास सुरू केली.

युद्धकलेचे चित्रण

मराठी मुलखात तलवार-ढाल, दांडपट्टा, भाला, विटा, बोथाटी व लाठी यांच्या कसरती मर्दानी खेळ या नावाने ओळखल्या जातात. कोल्हापूर, सातारा व सांगली या पट्ट्यात तालमींतून त्यांचे शिक्षण दिले जाई. तालमीत कुस्तीबरोबरच शस्त्रांचे हात शिकविण्याची रीत होती. दांडपट्ट्यात लांब लवचीक पाते असून कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोळीत राहतो. त्यामुळे मनगट वाकविता येत नाही व वार खांद्यापासून फिरवावा लागतो. एकाच माणसाने अनेकांना दूर ठेवण्यास हे शस्त्र उपयुक्त ठरते. विटा हा दोरी बांधलेला भाला असून तो फेकून पुन्हा हाती ओढून घेता येतो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कुस्ती व मर्दानी खेळ यांना विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी चालना मिळाली होती. खासबाग मैदान ही त्याच काळातील उभारणी होय. या वातावरणात वाढलेल्या प्रेक्षकवर्गाला शस्त्रांचे हात परिचित होते. मूकपटात संवाद नसल्याने द्वंद्वाचा अर्थ पवित्रा, पायांची हालचाल, वार व बचाव यांतूनच कळावा लागे. म्हणून अशा चित्रपटांत धडधाकट शरीराच्या व शस्त्र धरण्याचा सराव असलेल्या नटांना महत्त्व होते. मराठी व हिंदी पडद्यावर पुढे रुजलेल्या शिवकालीन लढाऊ चित्रपटांच्या परंपरेतील आरंभीचे उदाहरण म्हणून 'सिंहगड'कडे पाहिले जाते.

प्रदर्शन व करमणूक कर

चित्रपटाला प्रेक्षकांची मोठी गर्दी लोटली. या गर्दीमुळे महसूल खात्याचे लक्ष चित्रपटाच्या उत्पन्नाकडे गेले व त्यातून करमणूक कर सुरू झाला, असे चित्रपटविषयक लेखनात वारंवार नमूद केले जाते. मुंबई इलाख्यातील करमणूक शुल्काचा कायदा १९२३ सालचाच आहे. तथापि तो त्या वर्षीच्या कायद्यांपैकी पहिल्या क्रमांकाचा आहे आणि बंगाल प्रांतात अशा कराचा कायदा १९२२ सालीच झालेला होता. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक सरकारे उत्पन्नाची नवी साधने शोधत होती. हे लक्षात घेता केवळ एका चित्रपटामुळे कर आला असे म्हणण्यापेक्षा, वाढत्या चित्रपट व्यवसायाचे ठळक उदाहरण म्हणून 'सिंहगड'चे नाव या कराशी जोडले गेले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ऐतिहासिकता

चित्रपटाचा आधार कादंबरी असल्याने त्यातील सर्व प्रसंग इतिहाससिद्ध नाहीत. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत तानाजींनी पाचशे माणसांनिशी गड घेतल्याचा, कड्यावरून मावळे चढविल्याचा, तानाजी व उदेभान एकमेकांच्या वारांनी पडल्याचा आणि सूर्याजींनी लढाई सांभाळल्याचा वृत्तान्त आहे. यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा त्या बखरीत नाही. ती तुळशीदास शाहिराच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पोवाड्यातून लोकप्रिय झाली. उदयभानूचा अंत शेलारमामांच्या हातून झाल्याची कथाही लोकपरंपरेतील आहे. कमलकुमारीचे उपकथानक कादंबरीतील आहे.

किल्ल्याचे 'सिंहगड' हे नाव तानाजींच्या बलिदानानंतर पडले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु १६६३ सालच्या शिवकालीन पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच आढळतो. त्यामुळे हे नाव या घटनेच्या आधीपासून वापरात होते, असे अभ्यासक दाखवून देतात. कादंबरी व चित्रपट यांनी रूढ समजूत दृढ करण्यास हातभार लावला.

सातारा व सांगली परिसराशी संबंध

चित्रपटाची निर्मिती कोल्हापूरची असली, तरी त्याचा विषय व त्याची कलापरंपरा यांचे धागे सातारा व सांगली या परिसरांत पोहोचतात. परंपरेनुसार तानाजी मालुसरे यांचे जन्मगाव तत्कालीन जावळी भागातील गोडवली (गोडोली) हे असून तो भाग आज सातारा जिल्ह्यात आहे. पुढे ते कोकणातील महाडजवळच्या उमरठ येथे राहत. शिवचरित्रातील दुसरा प्रसिद्ध रणप्रसंग, म्हणजे १६५९ मधील अफजलखानाचा पराभव, ज्या प्रतापगडाच्या पायथ्याशी घडला तो किल्लाही सातारा जिल्ह्यात येतो. जावळीच्या डोंगराळ मुलखातील माणसे शिवकालीन पायदळात मोठ्या संख्येने होती.

सांगली ही मराठी रंगभूमीची जन्मभूमी मानली जाते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' हा नाट्यप्रयोग केला. त्यातून निर्माण झालेल्या नाटक मंडळ्यांच्या व्यवसायाने पडदे रंगविणाऱ्या चित्रकारांना काम दिले. बाबूराव पेंटर यांचे आरंभीचे शिक्षण याच कामात झाले. 'सावकारी पाश'चे कथालेखक नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) यांचा जन्म सांगलीजवळील समडोळी येथे झाला व त्यांचे वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगाव येथे होते. प्रभात फिल्म कंपनीचे 'अमृतमंथन' (१९३४) व 'कुंकू' (१९३७) हे चित्रपटही त्यांच्याच कादंबऱ्यांवर आधारित आहेत.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आजचा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. त्यातील काही भाग ब्रिटिश सातारा जिल्ह्यात, तर काही सांगली, मिरज इत्यादी संस्थानांत होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण करण्यात आला व १९६० साली त्याला सांगली हे नाव देण्यात आले.

वारसा

'सिंहगड'नंतर बाबूरावांनी 'कल्याण खजिना' (१९२४) हा शिवकालीन चित्रपट काढला. त्यानंतरच्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी समकालीन शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचा विषय वास्तववादी रीतीने मांडला. १९२७ साली व्ही. शांताराम यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी 'नेताजी पालकर' हा चित्रपट दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट होय व त्याचा विषयही शिवकालीन लढवय्याचाच होता.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातच्या 'उदयकाल' (१९३०) या मूकपटात शांताराम यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. या चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते, परंतु ब्रिटिश अभ्यवेक्षकांच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. सविनय कायदेभंगाच्या काळात 'स्वराज्य' हा शब्द सत्ताधाऱ्यांना खटकणारा होता. शिवकालीन लढाईचे चित्रपट त्या काळच्या राजकीय वातावरणाशी किती जवळून जोडलेले होते, हे या प्रसंगातून दिसून येते.

१९३३ साली शांताराम यांनी प्रभातसाठी 'सिंहगड' हा बोलपट केला. त्याचा आधारही हरिभाऊंची कादंबरी हाच होता. तानाजींच्या कथेवर पुढेही चित्रपट निघाले. ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर' (२०२०) हा हिंदी व दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित 'सुभेदार' (२०२३) हा मराठी चित्रपट ही अलीकडची उदाहरणे आहेत.

जतन व अभ्यासाची साधने

'सिंहगड' हा चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे व योग्य तापमानात न ठेवल्यास ती चिकट होऊन विघटित होई. प्रती मोजक्याच काढल्या जात व गावोगावच्या खेळांत त्या झिजत. बोलपट आल्यावर मूकपटांचे व्यापारी मूल्य संपले आणि पुष्कळशा फिती त्यांतील चांदी काढण्यासाठी नष्ट करण्यात आल्या. भारतात तयार झालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे, तेही बहुधा अपूर्ण स्वरूपात, शिल्लक आहेत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली, तोपर्यंत बरीच हानी होऊन गेलेली होती.

यामुळे 'सिंहगड'मधील प्रकाशयोजना, द्वंद्वांची आखणी व अभिनय यांविषयीचे ज्ञान प्रामुख्याने सहभागी व्यक्तींच्या आठवणींवर अवलंबून आहे. व्ही. शांताराम यांचे 'शांतारामा' व बाबूराव पेंढारकर यांचे 'चित्र आणि चरित्र' ही आत्मचरित्रे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कार्यपद्धतीच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहेत. आठवणी घटनेनंतर अनेक दशकांनी लिहिल्या गेल्या असल्याने तारखा व श्रेय यांबाबत त्या समकालीन वृत्तपत्रे व जाहिरातींशी ताडून पाहाव्या लागतात.